पोपटाची झोप

मीरा रोडच्या नया नगरात रात्र उशिरा सुरू होते. रमजानमध्ये तर सेहरीपर्यंत दिवे, माणसे, खमंग वास. या गजबजाटात हॉलमधल्या पिंजऱ्यातल्या कॉकाटील किंवा बजरीगर पोपटाची झोप मात्र पार मोडते. त्याला रोज 10 ते 12 तास शांत अंधार हवा; टीव्हीपासून दूर, वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात. (देशी पोपट पाळायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या.) निरोगी पक्षी बहुधा एक पाय पोटाशी घेऊन, मान पाठीवर वळवून झोपतो. तोच दिवसाढवळ्या पिसे फुलवून, दोन्ही पायांवर पेंगत बसला, श्वासागणिक शेपूट खालीवर हलू लागली, विष्ठेचा रंग बदलला, की सावध व्हा. शिकाऱ्याच्या भीतीने पक्षी दुखणे लपवतात. ते दिसेपर्यंत बरेच वाढलेले असते. पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला पक्षी तर तातडीचा रुग्ण. घरगुती औषधात वेळ दवडू नका. त्याला उबेत ठेवा आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. मुक्या जिवाला घरात आणले, तर त्याची झोप राखणे हेही आपलेच कर्तव्य.