'हरित' विश्वचषकाचा हिशेब: कतारने शिकवलं काय, अहमदाबादने विचारायचं काय?

2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कतारला फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा आपल्या घराघरांत तो वेगळ्याच आपुलकीने पाहिला गेला. अरब देशात होणारा हा पहिला विश्वचषक. कोकणातल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे, त्यामुळे दोहा आपल्याला परकं वाटत नाही. युरोपातून टीका होऊ लागली की राग यायचा, आणि त्यातली काही टीका दुटप्पी होतीच. पण एका प्रश्नावर आपुलकी बाजूला ठेवून बोलायला हवं. हा विश्वचषक 'कार्बन न्यूट्रल' असेल, म्हणजे हवामानावर त्याचा बोजा शून्य राहील, असं सांगितलं गेलं होतं. ते खरं होतं का?

लग्न आणि हॉलचं भाडं

आयोजकांच्या स्वतःच्या अंदाजानुसार स्पर्धेमुळे सुमारे 36 लाख टन कार्बन हवेत जाणार होता. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा प्रवासाचा, मुख्यतः विमानांचा. उरलेल्या कार्बनमध्ये स्टेडियमचा वाटा मात्र फारच कमी दाखवला होता. आठपैकी सात स्टेडियम नवीन बांधलेली असताना हे कसं?

उत्तर हिशेबाच्या पद्धतीत आहे. स्टेडियमचं पूर्ण आयुष्य धरून बांधकामाचा कार्बन त्यावर विभागला आणि स्पर्धेच्या नावावर फक्त वापराचे मोजके दिवस टाकले. एका लग्नासाठी सात हॉल बांधायचे आणि लग्नाच्या खर्चात एका दिवसाचं भाडं लिहायचं, तसंच हे. 'कार्बन मार्केट वॉच' या युरोपातल्या संस्थेने मे 2022 मध्येच म्हटलं होतं, की सहा कायमस्वरूपी स्टेडियमचा बोजा सुमारे 2 लाख टन दाखवला आहे, तो प्रत्यक्षात 16 लाख टनांपर्यंत असू शकतो.

पुढे पाच युरोपीय देशांतून फिफाविरुद्ध तक्रारी झाल्या. जून 2023 मध्ये स्वित्झर्लंडच्या जाहिरात क्षेत्रातल्या आयोगाने निर्णय दिला, की फिफा हा दावा सिद्ध करू शकली नाही. आयोगाला दंड करण्याचा अधिकार नाही, त्यामुळे फिफाच्या खिशाला काही चाट बसली नाही. पण एक लक्षात घ्या, हा ठपका कतारवर नाही, फिफावर आहे. चूक एका देशाची नसून स्पर्धा भरवण्याच्या पद्धतीची आहे.

कतारने चांगलं काही केलं नाही असंही नाही. स्टेडियम एकमेकांच्या जवळ होती, त्यामुळे शहराशहरांत विमानाने फिरावं लागलं नाही. मेट्रो आजही लोकांच्या रोजच्या कामाची आहे. 974 शिपिंग कंटेनर वापरून बांधलेलं 'स्टेडियम 974' सुटं करून हलवता येईल, ही कल्पनाही उत्तम. मात्र स्पर्धा संपल्यावर ते सुटं होणार होतं आणि 2024 च्या डिसेंबरातही तिथे सामने खेळले गेले. वापर झाला हे बरंच, पण कागदावरचं आश्वासन आणि जमिनीवरचं चित्र यांत अंतर पडतं ते असं.

आकडा वाढतोच आहे

कतारमध्ये 32 संघ आणि 64 सामने होते. 2026 साठी तीन देशांतली 16 शहरं, 48 संघ आणि 104 सामने ठरले. 2030 चा विश्वचषक मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालकडे, पण सुरुवातीचे तीन सामने थेट दक्षिण अमेरिकेत. 2034 चा सौदी अरेबियाकडे, 15 स्टेडियमच्या आराखड्यासह. फिफाच्या मोठ्या प्रायोजकांत आज सौदीची तेल कंपनी अरामको आहे. सर्वात मोठा बोजा प्रवासाचा हे माहीत असूनही प्रवास वाढवणारेच निर्णय होत असतील, तर 'हरित' हा शब्द पोस्टरपुरताच उरतो.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकने थोडा वेगळा रस्ता दाखवला. तिथली सुमारे 95 टक्के मैदानं आधीची किंवा तात्पुरती होती. प्रेक्षकांच्या प्रवासाचा प्रश्न तिथेही सुटला नाही, पण काँक्रीट तरी वाचलं.

आपल्या दाराशी

2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत आणि 2036 च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने इच्छा कळवली आहे. म्हणून हा विषय आता फक्त टीव्हीवरचा नाही. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत यमुनेच्या काठावर उभी राहिली. नदीच्या पूरक्षेत्राचा वाद हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेला, आणि 2009 मध्ये बांधकामाला मोकळीक मिळाली. स्पर्धा तोंडावर आली असताना बांधकाम थांबवणं कठीणच असतं.

आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण तर सर्वांना आठवत असेल. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच आठवड्यात मुंबई हायकोर्टाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मैदानाला किती पाणी, ते कुठून येणार, असे साधे प्रश्न कुणीतरी कोर्टात विचारले म्हणून हे झालं.

तेच प्रश्न या वेळी आधी विचारायला हवेत. नवीन काय बांधणार आणि जुनं काय वापरणार? पाणी कुठून आणणार? जागेसाठी कुणाची वस्ती उठणार आणि त्यांना कुठे नेणार? भर उन्हात काम करणाऱ्या मजुरांना दुपारी सुट्टी मिळणार का? कतारने 2021 मध्ये उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावरच्या कामाला बंदी घातली, तीही बरीच ओरड झाल्यावर. आणि कार्बनचा हिशेब आयोजक स्वतःच करणार की बाहेरचं कुणी तपासणार?

या प्रश्नांत खेळाचा द्वेष नाही. मुलांनी खेळावं, देशाने पदकं जिंकावी, हे सर्वांनाच वाटतं. पण सामना संपल्यावर प्रेक्षक घरी जातात, आणि नदी, पाणी, वस्ती तिथल्याच लोकांच्या वाट्याला राहते. 2030 ला अजून वेळ आहे. टेंडर निघण्याआधीच आराखडा लोकांसमोर ठेवायला सांगणं हा त्या शहरातल्या प्रत्येकाचा हक्क आहे.