बॅटरीचं सोवळं

२०२४ साली टेक्ससमध्ये मी इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलो. सेल्समन म्हणाला, "विकत घेतलीत तर करात सवलत शून्य. लीजवर घ्या, साडेसात हजार डॉलर कमी करतो." गाडी तीच, बॅटरीही तीच. मी लीजवर घेतली. तेव्हापासून हा हिशोब मला खुपतोय.

२०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने ७,५०० डॉलरच्या सवलतीचे दोन भाग केले. अर्धी खनिजांसाठी: लिथियम, निकेल वगैरेंचा ठरावीक वाटा अमेरिकेतून किंवा तिच्याशी मुक्त व्यापार करार असलेल्या देशातून यायला हवा. (भारत त्यात नाही.) उरलेली अर्धी बॅटरीच्या भागांसाठी: ते उत्तर अमेरिकेत बनायला हवेत. खनिजांची अट २०२३मध्ये ४० टक्के, २०२४मध्ये ५०. शिवाय २०२४पासून बॅटरीचा एखादा भाग चिनी कंपनीचा निघाला, तर अख्खी सवलत गेली.

चीनवरचं अवलंबित्व खरं आहे, ते कमी करायला माझी हरकत नाही. पण लीजची गाडी कायद्याने 'व्यावसायिक' ठरली, आणि तिला यातली एकही अट नव्हती. ना बॅटरीच्या मूळगावाची, ना किमतीची, ना ग्राहकाच्या उत्पन्नाची. म्हणजे कागदावर फायनान्स कंपनीचं नाव लागलं की ओवळी बॅटरी सोवळी! पुढच्या दाराला दहा कुलपं आणि मागचं दार सताड उघडं. असा कोड मी लिहिला असता, तर पहिल्याच रिव्ह्यूत परत आला असता.

यात मेला कोण? गाडी विकत घेऊन दहा वर्षं वापरणारा माणूस. लीजचे पैसे सरकार फायनान्स कंपनीला देत होतं. ते ग्राहकापर्यंत पोचवायचे की नाही, ही तिची मर्जी.

कुणी म्हणेल, ही पळवाट नसती तर खप पडला असता. मान्य. पण मग नियमाचा वेग चुकला होता, हेही मान्य करा. खाण उभी राहायला वर्षानुवर्षं लागतात, अट मात्र दर वर्षी दहा टक्क्यांनी चढत होती. ग्रॅफाइटला २०२६ अखेरपर्यंत मुभा देताना सरकारनेही हेच कबूल केलं. तीच मुभा विकत घेणाऱ्याला उघडपणे द्यायची होती.

त्या मागच्या दाराने मीही आत गेलो, म्हणून मी गप्प बसावं का? ३० सप्टेंबर २०२५ला दोन्ही सवलती बंद झाल्या. लीज संपली की माझी गाडी परत जाईल. सोवळंही गेलं, प्रसादही गेला.