सुपारी देताना फडाचाही विचार करा

यात्रा कमिटीच्या मंडळींनो, गुढीपाडवा जवळ आला की आपली पावले नारायणगावकडे वळतात. जुन्नर तालुक्यातल्या या गावी फडमालक राहुट्या टाकून बसतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. आपण मात्र बैलबाजारासारखी घासाघीस करतो. डीजेवाल्याला मागेल तेवढे मोजतो, तमाशाला हात आखडतो!

ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाया, वगातले नट, स्वयंपाकी, ट्रकवाले असा फडाचा मोठा गोतावळा. त्यांना उचल द्यायला मालक व्याजाने पैसे काढतो. २०२० आणि २०२१ साली कोरोनाने जत्रांचे हंगाम बुडवले. हंगाम बुडाला म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.

तेव्हा तीन गोष्टी पाळा. एक, सुपारी कागदावर लिहा: तारीख, रक्कम, विसार आणि पावसाने खेळ मोडला तर काय द्यायचे ते. दोन, पोलिसांची परवानगी आधी काढा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे एरवी रात्री १० नंतर उघड्यावर कर्णा चालत नाही. म्हणून पुढाऱ्यांच्या सत्कारात वेळ घालवू नका. तीन, बायांसाठी न्हाणी, संडास आणि कपडे बदलायला आडोसा द्या.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग खेळ संपताच उरलेली रक्कमही चुकती करा. पैशासाठी कलावंताला ताटकळत ठेवणे गावाला शोभत नाही.