मालकाच्या खिशातला परवाना

गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या शाखेच्या दोन सभासदांनी एकच चौकशी केली : मुलाला इटलीला पाठवायचे आहे, भविष्यनिर्वाह निधीतून किती रक्कम काढता येईल? काम कसले, तर ग्रीनहाऊसमध्ये भाजी तोडण्याचे, नऊ महिन्यांचे. दलालाची मागणी लाखांची. हा पंजाबकडचा प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणण्याचे दिवस संपले. जो पैसा दलालाच्या हातात पडणार आहे तो आपण तीस-तीस वर्षे ट्रॅकवर आणि टपालाच्या थैल्या वाहून जमविलेला आहे.

रोमच्या दक्षिणेला लातिना नावाचा जिल्हा आहे. रोम-नेपल्स रेल्वेमार्ग याच भागातून जातो. १९३० च्या दशकात मुसोलिनीच्या राजवटीत तेथील दलदल उपसून जमीन लागवडीखाली आणली गेली. आज तेथे मैलोन्‌मैल प्लॅस्टिकची पॉलिहाऊसे आहेत. आपल्याकडे तळेगाव-मावळात गुलाबाची असतात तशी. टोमॅटो, झुकिनी, मुळा, किवी असा माल निघतो आणि तो काढणारे हात १९८० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर पंजाबी शीख मजुरांचे आहेत. उन्हाळ्यात प्लॅस्टिकखालची धग, त्यात फवारणीचे औषध आणि दिवसभर वाकून काम. करारानुसार तासाला आठ-नऊ युरो द्यायला हवेत, पण वर्षानुवर्षे हातात तीन-चार युरोच टेकविले गेले.

मजूर गोळा करणाऱ्या दलालाला इटलीत ‘कापोराले’ म्हणतात. लष्करातल्या कॉर्पोरललाही तिकडे हाच शब्द आहे. आपल्या ऊसतोडीच्या मुकादमाचा हा सख्खा भाऊ. फरक इतकाच, की बीडचा तोडणी कामगार उचल घेऊन मुकादमाचा बांधील होतो आणि इटलीला जाणारा उचल देऊन बांधील होतो. जुलै २०२४ मध्ये व्हेरोना भागात पोलिसांनी ३३ भारतीय शेतमजुरांची सुटका केली. प्रत्येकाकडून १७,००० युरो ठरविले होते. त्यासाठी कोणी घरची मालमत्ता गहाण टाकली, तर कोणी त्या दलालांकडूनच कर्ज काढले. पासपोर्ट काढून घेतलेले, आठवड्याचे सातही दिवस दहा-बारा तास काम, तासाला ४ युरो आणि तेही कर्जापोटी वळते! हे दलालही भारतीयच होते, हे आपण लपवू नये. पिळवणूक करणाऱ्याला गाववाला म्हणून माफी नसते.

त्याच्या महिनाभर आधी, १७ जून २०२४ रोजी, लातिनाजवळच्या एका शेतात ३१ वर्षांच्या पंजाबी मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. मालकाने रुग्णवाहिका बोलावली नाही. जखमीला गाडीत घालून त्याच्या घरापाशी टाकले आणि तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवून दिला. दोन दिवसांनी रोमच्या रुग्णालयात तो मरण पावला. पती-पत्नी दोघेही त्याच शेतात कामाला होते आणि दोघांचीही कागदपत्रे नियमित नव्हती. मालकाला पुढे अटक झाली, खटला उभा राहिला. पण गाडी घराकडे का वळली? मस्टरवर नाव नसलेला माणूस रुग्णालयात नेला तर मस्टरच उघडे पडते, याखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

आता हे मजूर बेकायदा होतात कसे ते पाहू. बहुतेकांची समजूत अशी, की लोक चोरवाटेने जातात. पुष्कळ जण रीतसर व्हिसा घेऊन विमानाने जातात. इटलीचे सरकार दरवर्षी परदेशी मजुरांचा कोटा जाहीर करते; २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी तो ४ लाख ५२ हजारांचा होता. मात्र त्यासाठी अर्ज मजूर करत नाही, मालक करतो. मजूर तेथे उतरल्यावर दोघांनी करारावर सही करायची असते. मालक आलाच नाही, किंवा तो केवळ कागदावरचा मालक असला, की विमानातून रीतसर उतरलेला माणूस काही दिवसांत बेकायदा ठरतो. डोक्यावर कर्ज आणि हातात कागद नाही. मग कापोराले सांगेल ती मजुरी. जून २०२४ मध्ये खुद्द इटलीच्या पंतप्रधान मेलोनी यांनी ही व्यवस्था गुन्हेगारी टोळ्यांनी पोखरल्याचे मान्य केले. कंपानिया प्रांतातून हजारोंनी अर्ज झाले आणि व्हिसा मिळालेल्यांपैकी करारावर सही फारच थोड्यांची झाली.

ज्यांचा करार होतो त्यांचीही दिवसांत लूट होते. महिन्याला पंचवीस दिवस राबवायचे आणि पगारपत्रकावर सात-आठ दाखवायचे. तेथे शेतमजुराला बेकारी भत्ता हवा तर दोन वर्षांत १०२ दिवसांची नोंद लागते. रेल्वेतल्या जुन्या माणसांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. १२० दिवस भरले की टेंपररी स्टेटस द्यावे लागते, म्हणून कॅज्युअल लेबरला आधीच ब्रेक देण्याचा खेळ आपण पाहिला आहे. प्रकल्पांवरच्या कॅज्युअल कामगारांना न्याय मिळायला १९८५ चा इंद्रपाल यादव खटल्याचा निकाल यावा लागला. टपाल खात्यातल्या रोजंदारांसाठीही सर्वोच्च न्यायालयात १९८७ पर्यंत भांडावे लागले. ‘हंगामी’ हा शब्द पुष्कळदा हंगामासाठी नसतो, हक्क तोडण्यासाठी असतो.

पुरावा इटलीतच आहे. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात, नोव्हेलारा आणि क्रेमोना भागात, पंजाबी कामगार गायींच्या गोठ्यांत आहेत. तेथील नामांकित चीजचे दूध तेच काढतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना कायम नोकऱ्या मिळाल्या, बायका-मुले आली, २००० साली नोव्हेलाऱ्यात मोठा गुरुद्वारा झाला. देश तोच, माणसेही पंजाबचीच. पण गाय वर्षाचे ३६५ दिवस दूध देते, तिला ब्रेक देता येत नाही, म्हणून मालकाला कायमचा माणूस लागतो!

लातिनाचे मजूर मात्र नुसते सोसत बसले नाहीत. १८ एप्रिल २०१६ रोजी सुमारे दोन हजार शीख मजुरांनी काम बंद ठेवून लातिनाच्या प्रीफेक्टच्या कचेरीसमोर निदर्शने केली. सीजीआयएल या कामगार महासंघाची शेतमजूर संघटना त्यांच्या पाठीशी होती. भाषा येत नाही, निवासाचा परवाना मालकाच्या खिशात, आणि तरी संप! १९७४ पाहिलेल्या संघटनेने या संपाला सलाम करायला हवा. त्यानंतर मजुरी काहीशी वाढली. त्याच वर्षी कायदा क्रमांक १९९ झाला आणि दलालाबरोबर मालकालाही एक ते सहा वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. पण २०२४ च्या दोन्ही घटना या कायद्यानंतरच्या आहेत. परवाना जोवर मालकाच्या मर्जीवर आहे तोवर तक्रार करणारा मजूर आधी स्वतःचेच नुकसान करून घेतो.

आणि आपले सरकार? नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत-इटली करार झाला. त्यात २०२३, २०२४ व २०२५ साठी अनुक्रमे ३, ४ व ५ हजार भारतीय हंगामी कामगारांचा कोटा राखला गेला. कोटा मिळाला म्हणून पाठ थोपटून घेतली, पण दलालीचा बोजा कोणी उचलायचा? खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून पैसे घेऊ नयेत असे सांगणारा आय.एल.ओ.चा १९९७ चा १८१ क्रमांकाचा ठराव इटलीने स्वीकारला आहे, भारताने नाही. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. पण सरकारी मंजुरी घेऊन जाण्याचे बंधन फक्त १८ देशांपुरते, तेही दहावी न झालेल्यांना. इटली त्या यादीत नाही आणि आपली बहुतेक मुले दहावी पास. म्हणजे मुलाचा करार खरा आहे की बनावट, हे निघताना विचारणारा कोणीच नाही.

कोणी म्हणेल, सेक्रेटरी मुलांना जाऊ नका सांगतो. मुळीच नाही. कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली नसती तर आपली अर्धी चळवळ उभी राहिली नसती. माझे म्हणणे एवढेच, की नुसत्या दलालाच्या हातून जाऊ नका.

महासंघाने यात पुढाकार घ्यावा. प्रवास आणि भरतीचा खर्च मालकावर टाकावा, परवाना एका मालकाशी न बांधता मजुराला दुसरीकडे काम करण्याची मुभा असावी आणि १८१ क्रमांकाचा ठराव भारताने स्वीकारावा, या तीन मागण्या परराष्ट्र व कामगार मंत्रालयापुढे मांडाव्यात. सीजीआयएलशी पत्रव्यवहार करून जाणाऱ्या प्रत्येकाला तेथील युनियन कचेरीचा पत्ता येथूनच देता येईल, आणि त्याला काहीच खर्च नाही. शाखांनी तोवर एक करावे. निधी काढण्यासाठी असा अर्ज आला, की दलालाच्या परवान्याचा क्रमांक मागावा, तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावा आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. आमच्या शाखेने हे सुरू केले आहे. अर्जाचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी महासंघाच्या कचेरीकडे मागावा.