वस्तूची तारीफ

श्रीवर्धनकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पती दोह्याला नोकरीला, मुले शाळेत, आणि घराच्या पुढच्या खोलीत शोभेच्या वस्तूंचे छोटे दुकान काढायचा तिचा व जावेचा बेत आहे. तुर्कस्तानातल्या एका घाऊक व्यापाऱ्याशी बोलणे झाले आहे. रंगीत काचांचे दिवे, पितळी तबके, चिनीमातीच्या रकाब्या, जानमाज आणि आयतींच्या फ्रेमा असा माल आहे. साठवलेल्या पैशांत दोघींनी थोडे दागिने मोडून भर घातली आहे. क्लिअरिंगचे काम बघणारा एक जण म्हणतो, ‘सगळ्याला डेकोरेटिव्ह आयटम लिहू, एकच कोड लावू, काम लवकर होईल.’ दीर म्हणतात, कोडबिड कशाला, ये-जा करणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून थोडे थोडे आणू. यातले बरे कुठले, असे भगिनीने विचारले आहे.

दोन्ही नको. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण घर सजवायच्या मालाइतका कस्टममध्ये भल्याभल्यांना गोंधळात टाकणारा माल थोडाच असेल.

जगभरच्या मालाला आकडे देण्याची एक पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. तिला हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणतात आणि ब्रुसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे. भारतात पुढे दोन जोडून आठ होतात. दुकानाच्या जीएसटी बिलावर एचएसएन म्हणून जो कोड दिसतो, तो याच कुळातला. या आकड्यांच्या पुस्तकाला ‘टॅरिफ’ म्हणतात, आणि हा शब्द मूळचा अरबी, आपल्या ‘तारीफ’चा सख्खा भाऊ. अनोळखी पाहुण्याला ‘आपकी तारीफ?’ असे विचारतो तेव्हा आपण ओळख मागतो, कौतुक नव्हे. कस्टमचा अधिकारी वस्तूला तेच विचारतो. (नाक्यावरच्या कराला मराठीत ‘जकात’ म्हणत, त्या शब्दाचा प्रवास याहून मजेदार आहे. पण तो पुन्हा कधीतरी.)

‘मी शोभेची वस्तू’ एवढी तारीफ तिथे पुरत नाही, कारण त्या पुस्तकात शोभेच्या वस्तूंचे एकच घर नाही. आधी विचारतात, कशाची बनली आहेस? आयतुल कुर्सीची भिंतीवर लावायची पाटी घ्या. ॲक्रिलिकची असेल तर ३९२६, लाकडाची किंवा एमडीएफची असेल तर ४४२०, साध्या धातूची शोभेची वस्तू असेल तर ८३०६. कागदावर छापून फ्रेम केलेली असेल तर ४९११. एखाद्या कातिबाने ती संपूर्ण हाताने रंगवून चित्र म्हणून घडवली असेल, तर कलाकृतींच्या ९७०१ चा दावा करता येतो. मात्र कारखान्यात बनलेल्या रकाबीवर हाताने नक्षी काढली म्हणून ती चित्र होत नाही, चिनीमातीची रकाबीच राहते. मजकूर एकच, घरे पाच.

दुसरा प्रश्न, काय कामाची आहेस? तबकांचा खरा घोळ इथे आहे. पितळेचे, तांब्याचे घरगुती सामान ७४१८ मध्ये येते आणि निव्वळ शोभेची धातूची वस्तू ८३०६ मध्ये. नक्षी दोन्हीवर असते, किंमत दोन्हीची भारी असू शकते, त्यामुळे नक्षी किंवा किंमत पाहून निकाल लागत नाही. जागतिक संघटनेच्या स्पष्टीकरणांचा रोख असा की, जी वस्तू मुळात वापरासाठी घडवली आहे आणि नक्षीमुळे तिच्या वापरात अडथळा येत नाही, ती घरगुती सामानात जाते. जिचा उपयोग शोभेपुरताच, किंवा फार तर दुसरी शोभेची वस्तू ठेवण्यापुरता, ती ८३०६ मध्ये. म्हणजे ईदला शीरखुर्म्याच्या वाट्या ज्यात मांडून पाहुण्यांसमोर न्याल ते तबक ७४१८. ज्याला मागे कडी आहे, उठावदार नक्षीमुळे वाटी सरळ बसत नाही आणि जे भिंतीवरच राहणार, ते ८३०६. वर चांदीचा मुलामा असला तरी आतला धातूच मोजतात. रकाब्यांचेही असेच. जेवणाच्या टेबलावरची पोर्सिलिनची ६९११, इतर चिनीमातीची ६९१२, आणि केवळ शोभेची ६९१३.

दिव्यांचे मात्र सोपे आहे. काच किती, पितळ किती, हा वाद घालायची गरज नाही. दिवा कशाचाही असो, त्याचे घर ९४०५. बल्बचा असो वा मेणबत्तीचा, शीर्षक तेच, पुढचे आकडे बदलतात. पण सगळ्यांत मोठी अडचणही दिव्यांचीच होऊ शकते. एलईडी दिव्यांच्या काही प्रकारांना बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. दिवे ‘काचेची शोभेची वस्तू’ म्हणून आणले आणि पेटी उघडल्यावर आत वायर-होल्डर दिसले, तर प्रश्न कराच्या फरकावर थांबत नाही. माल बंदरात अडकतो आणि गोदामाचे भाडे दिवसागणिक चढत जाते.

जानमाज वीण पाहून ठरते. हाताने गाठी मारलेली ५७०१, विणलेली ५७०२, टफ्टेड ५७०३. गालिच्याची जडणघडण असेल तर तो भिंतीवर टांगण्यासाठी आणला तरी ५७ व्या अध्यायातच राहतो. त्या अध्यायाच्या पहिल्याच टिपेत तसे लिहिले आहे.

सणाच्या सजावटीला ९५०५ हे वेगळे शीर्षक आहे. त्यात नाव घेऊन फक्त ख्रिसमसचा उल्लेख आहे, ईद-दिवाळीला ‘इतर’मध्ये बसावे लागते. तरी ‘ईद मुबारक’ लिहिले म्हणून चहाचा कप सणाची वस्तू होत नाही. वापराची भांडी, कापडे, गालिचे त्या अध्यायातून टिपेनेच बाहेर काढले आहेत, आणि विजेच्या माळा ९४०५ कडे पाठवल्या आहेत.

दर मी मुद्दाम देत नाही. ते अर्थसंकल्पागणिक बदलतात आणि या घरांचे दर एकसारखे असतीलच असे नाही. एकच कोड सगळ्याला लावला तर कुठे कर कमी भरला जाईल आणि कुठे नाहक जास्त. जास्त भरलेला आपणहून कोणी परत आणून देत नाही.

आता जबाबदारीचे. २०११ पासून कोड आणि कर आयातदाराने स्वतःच ठरवून बिल ऑफ एंट्रीत लिहायचा असतो. एजंट फॉर्म भरतो, पण आयातदार म्हणून नाव भगिनीचे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ प्रमाणे सांगितलेल्या वर्णनाशी न जुळणारा माल जप्त होऊ शकतो. कमी भरलेल्या कराची नोटीस एरवी दोन वर्षांपर्यंत येते. जाणूनबुजून खोटे लिहिले किंवा लपवले असे दिसले, तर पाच वर्षांपर्यंत, आणि वर कराइतकाच दंड. पण १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक मोलाचा भेद केला. वर्णन खरे आणि पूर्ण असेल, तर आयातदाराने मागितलेला कोड चुकीचा ठरला तरी त्याला खोटी घोषणा म्हणता येत नाही. तो मतभेद असतो. ‘डेकोरेटिव्ह आयटम’ असे मोघम लिहिणारा नेमका हाच आधार हातचा घालवतो.

दिरांच्या बॅगांचे. प्रवाशाच्या सामानाला असली वर्गवारी लागत नाही हे खरे. सूट संपल्यावर सगळ्याला एकच शीर्षक, ९८०३. २०१६ च्या नियमांनी आखाती देशांतून येणाऱ्यांना ५०,००० रुपयांची सूट ठेवली होती. ही मर्यादा बदलते, म्हणून तिकीट काढताना पाहून घ्यावी. पण ही सवलत खऱ्याखुऱ्या प्रवासी सामानाची आहे. मावशीसाठी आणलेला एक दिवा सामान आहे. एकाच नमुन्याचे बारा दिवे चार नातेवाइकांत वाटले तरी तो दुकानाचा माल आहे, आणि विमानतळावर जाब द्यावा लागेल तो त्या नातेवाइकांना.

तेव्हा आपा, आधी आयात-निर्यात कोड काढून घ्या. व्यापाऱ्याकडून माल निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ असलेले बिल मागा. कशाची, कशी बनवलेली, कशासाठी, किती नग, हे सगळे त्यात हवे. मागून-पुढून काढलेले फोटो मागवा. दिव्यांच्या वायरिंगची माहिती घेऊन बीआयएसचे आधी विचारा, मगच ॲडव्हान्स द्या. परवानाधारक कस्टम ब्रोकर पाहा आणि त्याने लावलेल्या प्रत्येक कोडचे कारण लिहून घ्या. तबकांसारखा वाद उरलाच आणि माल मोठा असेल, तर मुंबईत सीमाशुल्काचे अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. तिथे १०,००० रुपये फी भरून आधीच निर्णय मागता येतो. पहिल्या छोट्या खेपेला ही फी जड वाटेल. मग या वेळी तबके दहाच आणा, आणि तीही वापरायचीच.