सल्ल्याआधी प्रश्न विचारा!



२१ जानेवारी २००४ रोजी केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ हा बिनपैशाचा क्रमांक. सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलायची सोय, पलीकडे शेतीची पदवी घेतलेला माणूस. सोय चांगलीच आहे. नांदगाव, येवला, मालेगावच्या कोरडवाहू शिवारात साहेबाच्या जीपची वाट पाहत बसण्यापेक्षा फोन केव्हाही बरा. पण पलीकडचा माणूस सल्ला देण्याआधी आपल्याला विचारतो काय, यावर सगळे अवलंबून आहे.

कॉल सेंटरच्या धंद्यात विचारायचे प्रश्न आधीच लिहून ठेवतात. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. उत्तर ‘हो’ आले तर एका फाट्याने जायचे, ‘नाही’ आले तर दुसऱ्या. टेलिफोनच्या बिलाची तक्रार असेल आणि फाटा चुकला, तर पुन्हा फोन करता येतो. शेतीत फाटा चुकला की औषधाचे बिल अंगावर येते आणि गेलेला आठवडा परत मिळत नाही.

कपाशीवरचा लाल्या घ्या. शेतकरी एवढेच सांगतो, ‘पाने लाल पडली.’ तेवढ्यावर फवारणी सांगणारी स्क्रिप्ट आम्हाला नको. पहिला प्रश्न हवा : पानाच्या कडा खाली वळल्या का, पान उलटून पाहिल्यावर तिरपे चालणारे हिरवे तुडतुडे दिसतात का? दिसले तर आधी दर पानाला किती ते मोजायला लावा, मग औषधाचे बोला. तुडतुडे नसतील तर दुसरा : लाली खालच्या जुन्या पानांवर आहे आणि शिरा मात्र हिरव्या आहेत का? तसे असेल तर मॅग्नेशियम कमी पडले आहे. तिसरा : जमीन हलकी की भारी, बोंडे भरताना पावसाने ताण दिला की पाणी साचले? चौथा : रात्री एकाएकी गारठा वाढला का? गारठ्याने आलेल्या लालीवर कीटकनाशक मारणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

ज्वारीचेही तसेच. पोंगेमर दिसली की पहिला प्रश्न पेरणीच्या तारखेचा. रोप महिन्याच्या आतले असेल तर संशय खोडमाशीवर, पुढचे असेल तर खोडकिड्यावर. तारीख न विचारता औषधाचे नाव सांगणारा अंधारात दगड मारतो.

पीक विम्याचे नियम बदलले की फोनवरचे उत्तरही त्याच दिवशी बदलले पाहिजे. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली. अशा वेळी जुना कागद वाचून दाखवणारा माणूस शेतकऱ्याचा हंगाम बुडवतो.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. पिकवार प्रश्नावली मराठीत छापून ग्रामपंचायतीत लावा. ती ठरवताना राहुरीच्या विद्यापीठाबरोबर कोरडवाहू शेतकऱ्याला बसवा, आणि निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईलाही बसवा, कारण पान आधी तिला दिसते. फवारणी सांगण्याआधी तिचा खर्च आणि वाचणाऱ्या मालाची किंमत यांचा हिशेब विचारा. उत्तर सापडले नाही तर प्रश्न वरच्या तज्ज्ञाकडे देण्याची रीत कॉल सेंटरात आहे. तिच्यापुढे आणखी एक फाटा जोडा : ‘फोनवर कळत नाही, माणूस बांधावर पाठवतो.’ हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

आपणही एक काम करायचे. फोन कराल तेव्हा वहीत तारीख घाला. आपण काय सांगितले, त्यांनी काय विचारले, काय सल्ला दिला, तो लागू पडला का, हे लिहा. वह्या तालुक्याच्या बैठकीला आणा. जिल्हा मेळाव्यात त्या एकत्र वाचू आणि न विचारलेल्या प्रश्नांची यादी घेऊनच कृषी अधिकाऱ्यांसमोर बसू.