नांगर टाकल्यावरचा दिवस

मालदीवच्या सफारी बोटीचा आठवड्याचा कार्यक्रम हातात येतो, तेव्हा तो भरगच्च असतो. सकाळी पोहणं, दुपारी एखादं बेट, संध्याकाळी गळ टाकणं. माझं ऐकाल तर त्यातला एक दिवस कोराच ठेवायला सांगा. बोट एका जागी नांगरलेली असावी आणि कुणी कुठं जायचं नाही.

आम्ही असा दिवस मालेच्या दक्षिणेला, वावू अटोलमध्ये घालवला. ‘अटोल’ हा जगभर चालणारा शब्द मूळचा इथल्याच धिवेही भाषेतला. प्रवाळाच्या खडकांचं तुटक कडं आणि त्याच्या आत शांत पाणी. बाहेर लाटा फुटत असतात, आत चहाचा कप हलत नाही. मालदीवची सुमारे 1200 बेटं अशाच कड्यांवर आहेत. वस्ती मात्र जेमतेम दोनशे बेटांवर.

कप्तानाने आदल्या दुपारीच, ऊन डोक्यावर असताना नांगर टाकला होता. ऊन वरून पडलं तरच पाण्याखालचा खडक तपकिरी आणि वाळू फिकट निळी दिसते. दिवस कलला की सगळं पाणी एकाच रंगाचं होऊन जातं. नांगर टाकायचा तो वाळूत. प्रवाळावर टाकला तर कित्येक वर्षांची वाढ एका फटक्यात मोडते. इथल्या प्रवाळाने 1998 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये समुद्र तापल्याचा मोठा मार आधीच खाल्ला आहे.

सोबत माझे सासरे होते. रत्नागिरीकडच्या आपल्या कितीतरी घरांसारखं त्यांचंही आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं. नांगरावर उभं राहणं म्हणजे त्यांच्या लेखी बंदरात जागा मिळायची वाट पाहणं. ‘नांगर पडला की घर लांबलं,’ असं ते म्हणायचे. त्यामुळे फजरनंतर सगळे पुन्हा आडवे झाले तरी अब्बा नाळेवर जाऊन साखळीला हात लावून उभे. नांगर घसरत असेल तर साखळीतून थरथर जाणवते म्हणे. नातवंडांना त्यांनी समजावलं, बोट नांगराच्या वजनाने थांबत नाही. पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडतात, ती तळावर आडवी पडते, म्हणून नांगर वर ओढला न जाता वाळूत रुततो. मग बेटावरचं एक झाड आणि त्याच्यामागचा मोबाइलचा मनोरा एका रेषेत धरून पोरांना पहाऱ्यावर बसवलं. तासभर पोरं मोबाइल विसरली, ते वेगळंच!

नांगरलेली बोट स्थिर नसते. वारा आणि प्रवाह बदलला की ती नांगराभोवती फिरते. जुहरला डेकवर जानमाज अंथरला तेव्हा बोटीचं तोंड एकीकडे होतं, असरला भलतीकडेच. शिवाय कोकणात किबला जवळपास पश्चिमेला, इथे तो बराच वायव्येला. सवयीने मावळतीकडे तोंड करून चालत नाही. मालेच्या जुन्या जुम्मा मशिदीतही असंच आहे. 1658 मध्ये प्रवाळाच्या दगडात कोरून बांधलेल्या त्या मशिदीत सफा भिंतींना समांतर नाहीत, तिरप्या आहेत.

सकाळी मासहुनी होती. टूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, त्यात खोबरं, कांदा, मिरची, लिंबू कालवलेलं, सोबत रोशी नावाची पातळ चपाती. दुपारी गरुधिया, टूनाचं पातळ सार आणि भात. आमच्या घरच्या सारापेक्षा फिकं, पण लिंबू पिळलं की जमतं. वाढणाऱ्याला शुक्रिया म्हटलं तर तो हसला. त्यांच्याकडेही ‘शुकुरिय्या’च म्हणतात. इब्न बतूता 1343 मध्ये कालिकतहून इथे आला, काझी झाला आणि लग्नंही करून बसला. मासे, नारळ आणि काथ्याचे दोर त्याने लिहून ठेवले आहेत.

कुटुंबाने जाणार असाल तर एक गोष्ट आधीच विचारा. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, पण पर्यटक बोटींना परवाना मिळतो. त्यामुळे बोटीवर बार आहे का आणि सोबत आणखी कोण प्रवासी आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट करून घ्या. मुस्लिम देश आहे एवढ्यावर विसंबू नका. पोहायला उतरताना प्रवाळावर पाय टेकवू नका, हे पोरांना दोनदा सांगा. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते.

दुपारी सगळे झोपले, स्वयंपाकी सोडून. तो बांगलादेशचा, दोन वर्षं घरी गेला नव्हता. आमच्या कोऱ्या दिवसातही त्याच्या तीन वेळा चुली पेटल्या, आणि कप्तान रात्री दोनदा उठून पाहून गेला. मोबाइलची रेंज होती म्हणून असरनंतर तो मुलीशी बोलायला मागच्या बाजूला गेला. मुलगी पडद्यावर यायला तयार नव्हती, लाजत होती. अब्बा तिथेच बसले होते. ते उठून जातील असं मला वाटलं, पण त्यांनी सरकून जागा करून दिली आणि विचारलं, ‘कधी सुटणार?’

‘ईदनंतर, इन्शाअल्लाह,’ तो म्हणाला.

‘कोणत्या ईदनंतर?’

तो हसला. मग दोघं कांदे सोलायला बसले.